पाणी आलंय

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे अर्धवट सोडलेली एक मॅच.

संध्याकाळची वेळ होती. भाकरी झाल्या होत्या. तिनं पदराला हात पुसले, चष्मा लावला आणि आपल्या मशीनपुढं बसली. आमच्या पुढच्या खोलीत भिंतीला लागून दोन टेबलं आहेत. एक तिचं, एक माझं. मधे पंखा, तो दोघांना पुरत नाही म्हणून मान हलवत राहतो. खेळ कॉम्प्युटरवरचा, गोळीबाराचा. इकडची टीम, तिकडची टीम, मधे पडकी गोदामं नि रस्ते. मी बंदूक घेऊन पुढं पळतो, ती औषधाची पिशवी घेऊन माझ्या मागं येते. मी पडलो की ती मला उठवते. आमच्या वयाच्या माणसांनी हे करावं का, असं विचारणारे पुष्कळ भेटले. त्यांना मी विचारतो, तुम्ही संध्याकाळी काय करता? टीव्हीवर दुसऱ्यांच्या सुनांची भांडणं बघता. मग गप्प बसा.

मॅच रंगात आली आणि मोरीतल्या नळानं हवा सोडली. हा आवाज सोलापूरच्या माणसाला झोपेतसुद्धा ऐकू येतो. चार दिवस वाट बघायला लावून येणारं पाणी, ते काही मॅच संपायची वाट बघत नाही. तिनं हेडफोन काढला.

"पाणी आलंय. माझ्या बाईकडं लक्ष ठेवा," म्हणाली आणि गेली.

बाई म्हणजे तिची गेममधली शिपाई. ती भिंतीच्या आडोशाला उभी राहिली. मी माझा माणूस तिच्या पुढ्यात नेऊन उभा केला. तेवढ्यात पडद्यावर पिवळी पट्टी आली आणि तिची बाई गायब झाली. गेमच्या नव्या भागात असंच आहे. माणूस जरा हलला नाही की मशीन त्याला बाहेर काढतं. मी शिव्या घातल्या. मोरीतून ती म्हणाली, "असू द्या की. मला काय तितं पेन्शन लागू हुनार हुती?"

मग मीही उठलो. पिंप भरलं, हंडे भरले, टाकी भरली. जेवलो. हात दुखतोय म्हणाली, मी बाम चोळून दिला. झोपली. सकाळी हाक मारली, उठली नाही.

एवढंच झालं. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, त्रास नाही झाला. लोक मला हे सांगून बरं वाटून घेतात. मला काय वाटतं ते मी सांगत नाही.

मी सातवीपर्यंत शिकलो. अक्कलकोट रोडला चादरीच्या कारखान्यात मागावर होतो. ती तिथंच कांड्या भरायची. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची नळी. ती संपली की माग थांबतो. माझी कधी थांबायची वेळ यायची नाही, कारण भरलेल्या कांड्यांची टोपली माझ्या उजव्या हाताला आधीच ठेवलेली असायची. ठेवताना दिसायची नाही, टोपली दिसायची. तिच्या बरोबरच्या सगळ्या बाया तेलुगू बोलणाऱ्या. त्यांच्यात बसून ती तेलुगूत मोजायला शिकली. ओकटी, रेंडू, मूडू. आमच्या घरात कोणी तेलुगू नाही, पण भाजीवालीला पैसे देताना, मुलीला झोका देताना, सगळं मोजणं त्याच भाषेत.

कारखाना बंद पडला तेव्हा मला एका नेट कॅफेत राखणदाराचं काम मिळालं. झाडायचं, पाणी भरायचं, संध्याकाळी शटर ओढायचं. तिथं या गेमचा पहिला भाग होता. सगळ्या मशिनी एका वायरीनं जोडलेल्या. निम्मे या भिंतीला, निम्मे त्या भिंतीला. समोरच्याची खुर्ची करकरली की कळायचं, आता हा गोदामाच्या मागनं येणार. एकदा एका टीमला माणूस कमी पडला. मालक म्हणाला, "काका, बसा. पळायचं आणि बटन दाबायचं, दुसरं काय न्हाय." मी बसलो. लगेच मेलो. पहिल्या भागात मेलं की डाव संपेपर्यंत नुसतं बघत बसायचं. पण बघून बघूनच शिकलो मी. कोण कुठनं येतो, कोण घाबरून आधीच गोळी सोडतो, कोण मित्राला पुढं ढकलून स्वतः दाराआड थांबतो. माणसाचा स्वभाव तिथं कळायचा. सगळ्यांचे कपडे सारखे, बंदुका सारख्या. कोण कुणाचा पोरगा आहे ते तिथं दिसत नव्हतं.

ती माझा डबा घेऊन यायची आणि मी जेवेपर्यंत स्टुलावर बसायची. बघायची आणि नाक मुरडायची. दुसरा भाग आला तेव्हा त्यात कामं वाटून दिली होती. एकाकडं ढाल, एकाकडं दुरुस्तीचा पाना, एकाकडं औषधाची पिशवी. त्या दिवशी परत माणूस कमी होता. मालकानं तिलाच विचारलं. ती म्हणाली, मला कुणाला मारायचं न्हाय, दुसरं काय काम असंल तर सांगा. मालकानं पिशवी दाखवली.

ती जी माझ्या मागं आली, ती शेवटपर्यंत तिथंच राहिली. पहिल्या पहिल्यांदा मी सारखा वळून बघायचो, आहे का, भिंतीत अडकली का. त्या नादात गोळी खायचो. मग ती एकदा वैतागून म्हणाली, "मागं काय बघताय? कारखान्यात कधी बघितलं का? तुमी पुढं बघा." त्यानंतर मी वळलो नाही. मी पडलो की कानात आवाज यायचा, ओकटी, रेंडू, मूडू, आणि माझा माणूस उठून उभा. उठवायला तेवढाच वेळ लागायचा.

पुढं लोकांच्या हातात फोन आले आणि कॅफे बसला. मालकानं दुकान आवरताना दोन जुन्या मशिनी आम्हाला दिल्या. घेऊन जा, म्हणाला, तुमच्याशिवाय कोण हात लावणार यांना. पुण्याला असते ती आमची मुलगी सुट्टीला आली, तिनं घरात नेट जोडून दिलं. तेव्हा कळलं की दुसऱ्या भागात आपली स्वतःची रूम काढता येते. रूम म्हणजे एक मैदान, त्याला आपण नाव द्यायचं, नियम आपले, पटला नाही त्याला बाहेर काढायचं. आम्ही रूम काढली. हळूहळू माणसं जमली. चिंचोळी एमआयडीसीतले दोघं-तिघं शिफ्टच्या आधी यायचे. एक सांगोल्याचा डाळिंबवाला होता, एक करमाळ्याचा मास्तर. आणि एक विजापूर वेशीकडचा ट्रान्सपोर्टवाला, तो मला चाचा म्हणायचा. यातल्या एकाचंही तोंड मी बघितलेलं नाही. पण कोण कसा खोकतो ते ठाऊक होतं.

आमच्या रूमचा नियम एकच होता. ज्याच्या नळाला पाणी आलं त्यानं "पाणी आलंय" म्हणायचं, आपला शिपाई भिंतीच्या आडोशाला उभा करायचा आणि उठून जायचं. त्याला कोणी मारायचं नाही. समोरच्या टीमनंसुद्धा नाही. उलट आपल्यापैकी एकानं त्याच्यापुढं उभं राहायचं, चुकून कुणाची गोळी लागू नये म्हणून. हा नियम कुणी बसून केला नाही. हिच्यामुळं पडला. पहिल्यांदा ही पाणी भरायला उठली तेव्हा ट्रान्सपोर्टवाला समोरच्या टीममधे होता. तो हिच्या बाईसमोर आला, थांबला. मला म्हणाला, "चाचा, चाची को क्या हुआ?" मी म्हणालो, पाणी आलंय. तो म्हणाला, "फिर तो मारना हराम है," आणि आपल्याच टीमकडं तोंड करून तिथं उभा राहिला. सगळे हसले, पण नियम झाला. डाळिंबवाल्याकडं टँकर यायचा. तेही पाण्यातच धरलं. कधी एकाच वेळी सगळ्यांचे नळ सुटायचे, मग अर्धं मैदान नुसतं उभं. शिपाई भिंतीला टेकलेले, कोण पळत नाही, कोण मारत नाही, वर गेममधला पाऊस चालू. मी आपला त्या सगळ्यांच्या मधनं फिरायचो. बाहेरगावचा कोणी चुकून रूममधे आला आणि पाण्यावर गेलेल्याला मारलं की त्याला आम्ही बाहेर काढायचो. तो इंग्रजीत काहीबाही लिहायचा. लिहू दे.

तिसरा भाग आला. मैदान मोठं झालं, इमारती पडायला लागल्या, गाड्या आल्या. दिसायला झकास होतं, मी खोटं बोलणार नाही. पण त्यात बढत्या आल्या. जास्त मारलं की खांद्यावर पट्टी, अजून मारलं की तारा. आमचे एमआयडीसीवाले त्याच्यामागं लागले. कारखान्यात दिवसभर टार्गेट, इथं येऊन परत टार्गेट. ही म्हणायची, यांना कुटंबी सुपरवायझर लागतोच. पण रूम होत्या. शोधाव्या लागायच्या, तीन-चार पानं उलटून आत जावं लागायचं, पण होत्या.

आणि मग हा नवा. फुकट आहे म्हणून गाजावाजा झाला. फुकट ते सगळ्यात महाग, हे मला उघडल्यावर कळलं. पहिलं पान दुकानाचं. सशाचं डोकं घातलेला शिपाई, गुलाबी बंदूक, सोन्याचे बूट. दुकान ओलांडल्याशिवाय मैदान दिसत नाही. आणि रूम काढून टाकल्या. आता मशीनच ठरवतं तुम्ही कुणाबरोबर खेळायचं. एक मॅच झाली की ती माणसं गेली, पुढच्या मॅचला नवी. कोण खोकतो ते कळायच्या आत संपतं. पिशवीचं काम ठेवलंय, पण घेत कोणी नाही, कारण शेवटी जो तक्ता येतो त्यात मारणाऱ्याचं नाव वर आणि उठवणाऱ्याचं कुठंतरी खाली. पडलेला पडून राहतो. सगळे घाईत.

जुने भाग तरी राहतील असं वाटलं होतं. एक दिवस सूचना आली की तेही बंद करणार. शेवटच्या दिवशी आमच्या रूममधे सगळे आले होते. काय करावं कुणाला सुचेना. मास्तर म्हणाले, मारामारी नको आज. सगळ्यांनी आपापले शिपाई भिंतीला उभे केले, पाणी आल्यासारखे. मग पडदा काळा झाला. ट्रान्सपोर्टवाला नव्या भागात आला नाही. बाकीचेही एक-एक करून गळाले. राहिलो आम्ही दोघं. दोघांना जोडीनं जाता येतं एवढी एक सोय त्या नव्यात होती, तिच्यावर आम्ही चालवत होतो. मी रोज कुरकुरायचो. ती म्हणायची, माग बदलला म्हणून कापड सोडतो का आपण? ती पिशवी घेऊन मागं यायची, नवी माणसं, नवं मैदान, तिला काही फरक पडत नव्हता. मला पडत होता. आता वाटतं, मला तरी कुठं पडत होता. मागनं आवाज येत होता ना.

ती गेल्यावर बरेच दिवस मी टेबलांकडं गेलो नाही. मुलगी येऊन राहिली, मग तिची नोकरी, ती पुण्याला परत गेली. जाताना म्हणाली, आप्पा, रिकामे बसू नका, खेळत जा. म्हणून बसलो. माझं मशीन लावलं. मग तिचंही लावलं. खरं सांगतो, ठरवून नाही केलं. इतकी वर्षं दोन्ही बटनं एकदम दाबायची सवय. तिचं नाव आलं, माझं नाव आलं, जोडी म्हणून मशीननं आम्हाला मैदानात सोडलं. माझ्या मागं तिची बाई उभी. खांद्याला पिशवी.

मी तिला भिंतीच्या आडोशाला नेलं, तिच्या माउसनं. आणि आपल्या खुर्चीत येऊन तिच्यापुढं उभा राहिलो. टीममधला एकजण हिंदीत म्हणाला, ये कौन खड़ा है? मी म्हणालो, पाणी आलंय. त्याला काय कळणार. थोड्या वेळानं पिवळी पट्टी आली, बाई गायब.

दुसऱ्या दिवशी मी दर थोड्या वेळानं उठून तिचा माउस हलवू लागलो. इकडं मी मरायचो, तिकडं ती राहायची. गुडघे दुखायला लागले. मग माझ्या डोक्यात आलं. कपाटात जुन्या कांड्या होत्या, तिनंच आठवण म्हणून ठेवलेल्या. एक कांडी घेतली आणि तिच्या कीबोर्डवर पुढं चालायचं जे बटन आहे त्याच्यावर दाबून चिकटपट्टीनं बांधली. बाई चालायला लागली. भिंतीला जाऊन अडकली आणि तिथंच चालत राहिली, पाय हलतायत, जागची हलत नाही. पण मशीनला वाटलं, आहे, चालती आहे. पिवळी पट्टी आली नाही. पूर्ण मॅच ती राहिली. मी हरलो, टीम हरली, मला त्याचं काही नव्हतं.

असं किती दिवस केलं ते मोजलं नाही. संध्याकाळी भाकरी करायची, मला करपतात पण करतो, मग दोन्ही मशिनी लावायच्या, कांडी बांधायची. बरं चाललं होतं. बरं म्हणजे, संध्याकाळ जात होती. टीमची माणसं ओरडायची. मी हेडफोन काढून ठेवायचो.

मग एका संध्याकाळी तिचं नाव उघडेना. लाल चौकट आली, इंग्रजी मजकूर. माझं उघडत होतं. मी मुलीला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला.

तिनं सांगितलं की लोकांनी तक्रारी केल्यात, हा खेळाडू खेळत नाही, नुसता भिंतीला चालतो. म्हणून आईचं खातं बंद केलंय. कायमचं. मग तिनं विचारलं, आप्पा, भिंतीला चालतो म्हणजे काय? मी कांडीचं सांगितलं. पलीकडं कुकरची शिट्टी झाली, ती ऐकू आली.

मी म्हणालो, त्यांना लिहून विचार की, उघडून देतात का. एवढी वर्षं खेळलेली बाई आहे.

"लिहिते. पण काय कारण देऊ?"

"लिही, पाणी आलंय म्हणून."

"आप्पा," ती म्हणाली. "पाणी भरून माणूस परत येतो."

मी फोन ठेवला. रागानं नाही. पोरगी आईवर गेलीय, एका वाक्यात उरकते. हिचं मशीन बंद केलं. कीबोर्डवरची कांडी सोडवली, पट्टीचा चिकटा राहिला तो रॉकेलनं पुसला. कांडी कपाटात ठेवली. जेवलो नाही. अंथरुणावर पडून छताकडं बघत राहिलो. भिंतीला चालणारी ती बाई डोळ्यांपुढनं हलेना. मी तिला रोज तसं चालवत होतो. कारखान्यातनं सुटल्यावर घरापर्यंत चालायला कंटाळायची ती, रिक्षा करा म्हणायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा केला. ऊन चढायच्या आत बसावं म्हणून एकट्याचंच मशीन लावलं. काम निवडायचं पान आलं. मी आजवर बंदुकीशिवाय दुसरं काही निवडलेलं नाही. पिशवी घेतली.

मैदानात उतरलो आणि पुढं जो कोणी दिसला त्याच्या मागं गेलो. सशाचं डोकं घातलेला होता. लई जोरात पळत होता, मला दम लागला खुर्चीत बसून. पिशवीवाल्याला पुढचं काही दिसत नाही हे मला तेव्हा कळलं. पुढच्याची पाठ दिसते फक्त. एवढी वर्षं तिनं माझी पाठ बघितली. ससा पुलाच्या तोंडाला पडला. मी गेलो, वाकलो, बटन दाबून धरलं. किती वेळ धरायचं मला माहीत नव्हतं, म्हणून मोजलं. ओकटी, रेंडू, मूडू. तो उठला आणि पळाला. थांबला नाही, काही बोलला नाही. परत पडला, परत उठवलं. तिसऱ्यांदा उठवलं तेव्हा पळायच्या आधी त्यानं वळून बघितलं, मी आहे का.

"पुढं बघ," मी म्हणालो. त्याला मराठी येत होतं की नाही, कोण जाणे.

तेवढ्यात मोरीतल्या नळानं हवा सोडली. पिंप रिकामं होतं, हंडे रिकामे होते, आणि भरणारा मी एकटाच. मी माझ्या माणसाला पुलाच्या कठड्याआड उभा केला. माइक तोंडाजवळ ओढला आणि जे कोण ऐकत असतील त्यांना सांगितलं, पाणी आलंय. हेडफोन काढून तिच्या टेबलावर ठेवला आणि पिंप लावायला गेलो.